हिरव्या शर्टातला खेळाडू

माझ्या दहावीच्या वर्षी, भातकापणी उरकत आली असताना, मुरबाडला तालुक्याच्या शालेय स्पर्धा झाल्या. मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये आमची शाळा पहिल्याच सामन्यात सरळ सेटमध्ये हरली. आमच्या संघात सर्वांत जोरदार स्मॅश मारणारी मुलगी सुनंदा. तिच्या एकाही स्मॅशचा त्या सामन्यात आम्हाला गुण मिळाला नाही. तिला दुखापत झालेली नव्हती, ती आजारी नव्हती, बाकावरही बसलेली नव्हती. ती मैदानात होती. तिला स्मॅश मारायला मनाई होती आणि ती मनाई नियमाला धरून होती. ती कशी आली हे सांगायचं तर एका जपानी कार्टूनपासून सुरुवात करावी लागते.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, पण शहापूरच्या बाजूला कललेलं. बाजारहाट मुरबाडला, सोयरिकी शहापूरकडे. माझे बाबा गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. वरून फोन आला की सांगितलेल्या फीडरचा, म्हणजे वीजवाहिनीचा, खटका पाडायचा, पुन्हा फोन आला की वर करायचा, हे त्यांचं काम. ती भारनियमनाची वर्षं होती. वेळापत्रक सारखं बदलायचं. वीज कधी सकाळी जाई, कधी दुपारी, कधी ऐन दिवेलागणीला. गावात अंधार झाला की लोक बाबांना बोलत. आई हापशीवर गेली की बायका म्हणत, "वैनी, भावजींना सांगा ना, आज जरा दमानं." आई घरी येऊन हंडा नेहमीपेक्षा जोरात टेकवी, एवढंच. आमच्या घराची वीजही त्याच फीडरवरची. बाबा दुसऱ्यांच्या घरातला दिवा घालवत तेव्हा स्वतःच्या घरातलाही घालवत. हे लोकांना सांगून उपयोग नसे.

कार्टून संध्याकाळी साडेपाचला लागे. त्या सुमारास आई चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेई. भाकरी थापण्याचा आवाज आणि तव्यावर टाकलेल्या सुकटीचा वास, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात त्या मालिकेच्या गाण्याला कायमच्या चिकटल्या आहेत. आळीतली पोरं पाय धुऊन आत येत. ती आईची अट होती. टीव्ही जुना होता, चित्राच्या आधी आवाज यायचा, त्यामुळे सुरुवातीचं गाणं आम्ही काळ्या काचेकडे बघत ऐकत असू. मग चित्र उजळे. आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी, बहुधा मध्यंतराच्या जाहिराती संपता संपता, ते मधोमध आकसून एक पांढरा ठिपका उरे. त्यानंतर पंख्याचा मंदावत जाणारा आवाज, आणि त्यानंतर मंगेशचा.

मंगेश हा माझ्या काकांचा मुलगा, माझ्याहून वर्षाने मोठा आणि एकदा नापास झाल्यामुळे माझ्याच वर्गात. "गेली! ज्यो, जाऊन बोल तुज्या बापाला. पाच मिनटं थांबला असता तर काय झालं असतं?"

"माझा बाप तुझा चुलता लागतो."

"म्हणून तर बोलतंय. दुसऱ्याचा असता तर दगड मारला असता."

एकदा तो खरोखरच सायकल घेऊन उपकेंद्रावर गेला. कुंपणाबाहेर उभं राहून त्याने बाबांना सांगितलं, की मॅच अगदी शेवटाला आलेली आहे, शेवटचे दोन पॉइंट उरलेत. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खटका माझ्या हातात हाय रे, टाइम नाय." मंगेशने हे वाक्य आळीत येऊन बाबांच्या आवाजात करून दाखवलं, आणि पुढे वर्षभर कोणी कशाला नकार दिला की पोरं तेच म्हणत.

आई भाकरी उलटत विचारी, "त्या जपान्यांच्या पोरांना घरी काय काम नाय का गो? सारखी ती उड्या मारतात."

"शाळेतली आहेत आई ती."

"शाळेत शिकवतात कवा मग?"

मालिका हिंदीत डब केलेली होती. एका शाळेचा व्हॉलीबॉल संघ, त्यात एक तापट मुलगा, त्याच्या स्मॅशला म्हणे वादळाचा वेग. एकेक सामना आठवडाआठवडा चाले. चेंडू हातातून सुटून जाळीपर्यंत जाईस्तोवर खेळाडूंना आपलं बालपण आठवून व्हायचं. जपानी नावं आमच्या तोंडात बसली नाहीत. आम्ही आमची नावं ठेवली. तापट मुलगा तो हिरो. त्याला चेंडू उचलून देणारा, चष्मा लावणारा लिफ्टर तो चष्म्या. बाकावर बसून बाटल्या भरणारा पाणीवाला. प्रशिक्षक बहुतेक वेळ डोळे मिटून असे, त्याला म्हातारा. आणि संघ पांढऱ्या शर्टात असताना एकटा हिरव्या शर्टात खेळणारा, सर्वांत बुटका मुलगा, तो हिरव्या.

वीज गेली की आम्ही रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसत असू आणि राहिलेला भाग बोलून पुरा करत असू. मी, मंगेश, सुनंदा आणि येतील ते. पत्रकारितेत आल्यावर मी अनेक बैठका पाहिल्या, पण इतक्या अपुऱ्या माहितीवर इतक्या ठामपणे बोललेलं क्वचितच ऐकलं.

"चष्म्या नसंल तर हिरो काय मारील? दगड?" मी म्हणायची. मी शाळेच्या संघात लिफ्टर होते; माझी बाजू उघड होती.

"उचलून काय, कोणी पण देतं," मंगेश म्हणे. "आमच्या शूटिंगला बग. सात जणं, सगळी मारणारी. चष्म्या नाय, पाणीवाला नाय. हे लोक नुसती गर्दी करून ठेवतात."

शूटिंग म्हणजे गावागावात पुरुष खेळतात तो व्हॉलीबॉल. त्यात आलेला चेंडू एकाच फटक्यात पलीकडे परतवायचा. आपल्या माणसाला पास नाही, उचलून देणं नाही. शाळांच्या स्पर्धेत खेळतात त्याला आमच्याकडे पासिंग म्हणत. मंगेश लहानपणापासून शूटिंग बघत आणि खेळत आलेला. त्या खेळात मदतनीस नावाचा माणूसच नसतो. कार्टूनमधली अर्धी पात्रं त्याला निव्वळ भरती वाटत, याचं कारण तेवढंच होतं.

"हिरव्या बगितला का आज?" सुनंदा म्हणे. "खांबावर आपटला, पण बॉल सोडला नाय."

"त्याला ड्रेस पण देत नाय कोणी, आणि हा मरतंय त्यांच्यासाठी," मंगेश म्हणे.

"देत असतील. त्यालाच नको असंल."

"फुकटचा ड्रेस कोणाला नको असतो गो?"

"तुला सगळंच पायजे असतं. शूटिंगच्या मंडळाची टोपी तू झोपताना पण काढत नाय, तुझ्या आईनं सांगितलं."

हिरव्या वेगळा शर्ट का घालतो, हा आमच्या चर्चेतला सर्वांत मोठा विषय होता. उत्तर आम्हाला अवघड वाटलं नाही. आमच्याकडे कुठल्याही संघाला शर्ट कमीच पडत. गावच्या शूटिंगच्या संघात दोघे घरचे शर्ट घालून खेळत. नव्याने आलेला, उशिरा आलेला, वर्गणी न दिलेला असा कोणीतरी वेगळ्या कपड्यात असायचाच. हिरव्याच्या बापाचं छोटं दुकान एका भागात दिसलं होतं. तेव्हा त्याला शर्ट परवडला नाही, आणि पुढे तो इतका भारी खेळायला लागला की शर्ट दिला तरी घेईना, असं ठरलं. हे सुनंदाचं मत. ते सर्वांना पटलं, शेवटी मंगेशलाही. हिरव्या सर्व्हिस करताना कधी दिसला नव्हता, जाळीपाशी उडी मारताना दिसला नव्हता. या गोष्टी आमच्या नजरेतून सुटल्या होत्या असं नाही. तो बुटका आहे म्हणून उडत नाही, असं आम्ही म्हणालो. शिवाय अर्धे भाग आम्ही पाहिलेच नव्हते. त्यात उडी मारली असेल.

मारली होती, असं नितीनने सांगितलं. नितीन हा सुनंदाच्या मामाचा मुलगा, शहापूरला राहणारा. तिकडे भारनियमनाच्या वेळा वेगळ्या, त्याला बरेच भाग पूर्ण दिसत. रविवारी तो आला की आळीतली पोरं त्याच्याभोवती जमत. आमच्या घरातून त्याला चहा जाई, आणि तो चहा संपेपर्यंत तो मुद्द्यावर येत नसे. त्याने सांगितलं, की एका सामन्यात शेवटचा पॉइंट हिरव्यानेच मारला. हिरो पडला, चष्म्याने बॉल उचलला, आणि हिरव्या मागून धावत आला.

"हिरव्या शर्टातच?" सुनंदाने विचारलं.

"हिरव्या शर्टातच. सगळा संघ बगत राहिला."

याला दुसरीकडून दुजोरा मिळालेला नव्हता. आम्हाला तो मागावासाही वाटला नाही.

सुनंदाबद्दल सांगायला हवं. तिच्या घरी भातशेती. भावंडांत ती थोरली. हाडापेराने उंच, डावरी, आणि भाताचे भारे खळ्यावर वाहून खांदे तयार झालेले. शाळेमागच्या मैदानात ती स्मॅश मारायची तेव्हा समोरच्या मुली बाजूला होत. चेंडू अडवायला कोणी थांबत नसे. तिच्या वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणे. आप्पा कडक माणूस नव्हते, पण त्यांचं एक गणित पक्कं होतं. दहावी झाली की मुलीची शाळा बास. कॉलेज शहापूरला नाहीतर मुरबाडला, एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा, आणि घरात कामाला माणूस हवं. त्यात त्यांना दुष्टपणा दिसत नव्हता, इतरांनाही दिसत नव्हता.

त्या वर्षी गणपतीत तिचा शहापूरचा मामा आला होता. मी सुनंदाकडे गेलेली. ओटीवर आप्पा आणि मामा चहा घेत होते. मामा म्हणाला, "आप्पा, आमच्या इथल्या कॉलेजात जिल्ह्याला खेळलेल्या पोरींना आधी घेतात. फी पण माफ. पोरगी जिल्ह्याला गेली तर मी घेऊन जातो. माझ्याकडं राहील. तुमी मग काय बोलायचं नाय."

आप्पांनी बशीतला चहा संपवला. "गेली तर ने," ते म्हणाले. "नाय गेली तर परत विषय काढू नको."

"नाय काढणार."

सुनंदा दारात उभी होती. ती आत गेली, आणि पुढच्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मैदानात सर्वांत शेवटपर्यंत राहायला लागली. जिल्ह्याला जायचा रस्ता एकच होता. तालुक्याच्या स्पर्धेत जिंकणारा संघ जिल्ह्याला जाई, आणि त्याच्या जोडीला हरलेल्या शाळांतल्या दोनतीन चांगल्या मुली निवडत. आम्ही जिंकू असं कोणालाच वाटत नव्हतं. पण सुनंदाला मारताना कोणी पाहिलं तर ती निवडली जाईल, याबद्दल शंका नव्हती.

आमचे भोईर सर भूगोल आणि खेळ दोन्ही शिकवत. माणूस मेहनती. रोज संध्याकाळी पँट दुमडून आमच्याबरोबर खेळत. ते स्वतः शूटिंगमध्ये वाढलेले. पासिंगचे नियम त्यांनी एका पुस्तकातून शिकून घेतले होते. ते पुस्तक त्यांच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतलं. पासिंगला सहा खेळाडू, म्हणून सरांनी मुरबाडच्या शिंप्याकडून सहा पिवळे शर्ट शिवून घेतले. संघात मुली सात होत्या. हे शर्ट हातात आल्यावर लक्षात आलं. सातवी मुलगी कविता, नववीतली, राखीव. तिचा चेहरा बघून सर म्हणाले, "तू माझा पांढरा घाल बाळा, काय होत नाय."

"सर, कविताला द्या पिवळा," सुनंदा म्हणाली. "मी हिरवा घालते."

आम्ही सगळ्या ओरडलो. सरांना काहीच कळलं नाही. त्यांना हिरव्या माहीत नव्हता; त्यांच्या आळीला केबल नव्हती. कॅप्टन हर्षदाने त्यांना समजावून सांगितलं, की सर, संघातला सर्वांत भारी खेळाडू वेगळा शर्ट घालतो, तिकडे तशीच पद्धत आहे. सर हसले. त्यांचा शर्टाचा प्रश्न सुटला होता. मंगेशने आपला हिरवा टी-शर्ट दिला. तो देताना म्हणाला, "फाडू नको. आणि पहिला स्मॅश माझ्या नावाचा." सुनंदाच्या आईने तो बाहीला टाके घालून आखूड केला. त्या आठवड्यात शाळेत सुनंदाला कोणी नावाने हाक मारली नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही भरलेल्या जीपमधून मुरबाडला गेलो. डब्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी. आईने प्रत्येकीसाठी एक भाकरी जास्त दिली होती. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ताज्या होत्या, एका बाजूला मांडव, त्यात निवड करणारे तिघे खुर्च्यांवर. समोरचा संघ मुरबाडमधल्या मोठ्या शाळेचा, सगळ्या मुलींच्या पायात बूट. आम्ही अनवाणी. पंच तरुण होता, कल्याणकडून आलेला, नुकतीच पंचाची परीक्षा दिलेला. बोलणं नम्र. सामन्याआधी तो सरांजवळ आला आणि सुनंदाकडे बघून म्हणाला, "सर, वेगळा शर्ट एकाच खेळाडूला चालतो. हिला लिबेरो म्हणून लिहू ना?"

सर वेगळ्या शर्टावरून हरकत येईल या काळजीत होते. चालतो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "लिहा, लिहा," ते म्हणाले, आणि सही केली. हर्षदानेही सही केली.

पहिला सेट सुरू होताना सुनंदा जाळीपाशी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिची ती नेहमीची जागा. शिट्टी झाली. पंच म्हणाला, "लिबेरो पुढे नाही. बाहेर थांब. मागच्या मुलीच्या जागी आत ये."

ती सरांकडे बघायला लागली. सर मैदानात आले. पंचाने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि शांतपणे वाचून दाखवलं. लिबेरो हा फक्त बचावाचा खेळाडू. त्याने मागच्या ओळीतच खेळायचं. जाळीच्या वरचा चेंडू मारायचा नाही, अडवायला उडायचं नाही, सर्व्हिस करायची नाही. आणि तो ओळखू यावा म्हणून त्याचा शर्ट वेगळ्या रंगाचा.

"असा नियमच नाय," सर म्हणाले.

"आहे सर. नवीन आहे. ही दोनतीन वर्षं झाली."

"मग शर्ट बदलतो. दोन मिनटं द्या. कविता, काढ—"

"आता नाही बदलता येणार. तुमची सही झालीय. या सामन्यात ती लिबेरोच राहणार. पुढच्या सामन्यात बदला."

स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरणाऱ्याला पुढचा सामना नव्हता. हे सरांनी पंचाला सांगितलं. पंच म्हणाला, "मला माहीत आहे सर." तो उद्धट नव्हता. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली.

काही वर्षांपूर्वी मी ती मालिका शोधून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. हिरव्याने शेवटचा पॉइंट मारल्याचा प्रसंग त्यात नाही. तो सबंध मालिकेत एकदाही स्मॅश मारत नाही. त्याच्या शर्टाचा खुलासा आहे. एका भागाच्या उत्तरार्धात म्हातारा डोळे उघडतो आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना तो नियम समजावतो. बोलणं मिनिटभराचंही नाही. त्या भागाचा पूर्वार्ध मला स्वच्छ आठवत होता. उत्तरार्ध मी पहिल्यांदाच पाहत होते.

सामन्यात काय झालं ते थोडक्यात असं. व्हॉलीबॉलमध्ये मुली फिरत फिरत मागून पुढे येतात. सुनंदा पुढे यायची वेळ झाली की पंच तिला बाहेर काढी आणि तिच्या जागी कविता आत येई. कविताचा हात जाळीच्या वर पोचत नव्हता. मागे उभी असताना सुनंदाने समोरून आलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू उचलला. गुडघे सोलले, कोपर सोललं. तिने उचललेला चेंडू माझ्याकडे येई, मी तो जाळीपाशी उंच देई, आणि हर्षदा नाहीतर कविता तो जाळीत मारी. पुन्हा तेच. इतके चांगले पास मला आयुष्यात मिळाले नव्हते, आणि ते उचलून द्यायला पुढे मारणारी कोणी नव्हती. एकदा माझा चेंडू मागे गेला. सवयीने सुनंदाने पाऊल टाकलं, उडी घेतली आणि मारला. चेंडू समोरच्या दोन मुलींच्या मधे इतक्या जोरात पडला की फक्की उडाली. प्रेक्षकांत मंगेश ओरडला, "माझ्या नावाचा!" पंचाने शिट्टी वाजवून गुण समोरच्या संघाला दिला. त्यानंतर एकदा तसाच चेंडू गेला. सुनंदाचा डावा हात वर गेला, थांबला, आणि चेंडू तिच्या डोक्यावरून मागे पडला.

सामना संपल्यावर भोईर सर मांडवात गेले. मी आणि सुनंदा त्यांच्या मागे. निवड करणारे तिघे पोहे खात होते. सर म्हणाले, "साहेब, ही पोरगी स्मॅशर आहे. चुकीनं लिबेरो लागली. तिला दहा बॉल मारताना बगा, मग ठरवा."

"मैदान मोकळं कुठंय सर?" त्यातले वयस्क गृहस्थ म्हणाले. पुढचा सामना सुरू झालेला होता. "आणि असं प्रत्येकाला बघत बसलो तर संध्याकाळ होईल. सामन्यात दिसलं ते आम्ही लिहिणार."

"मागं चांगली खेळली," दुसरे म्हणाले. "पण लिबेरो आपल्याकडं आहे. हिच्याहून चपळ."

"मी लिबेरो नाय," सुनंदा म्हणाली.

"सहीला तर तेच आहे ना बाळ?"

ती वळली. आमचा चेंडू कविताच्या हातात होता, तो तिने घेतला. मैदानाच्या कडेला पाण्याची सिमेंटची टाकी होती. सुनंदाने चेंडू वर उडवला, उडी मारली आणि टाकीवर मारला. तो परत आला, तिने पुन्हा मारला. पुन्हा. रिकाम्या पिंपावर दांडका मारावा तसा आवाज मैदानभर होत होता. पुढच्या सामन्यातल्या मुली क्षणभर थबकून तिकडे बघायला लागल्या. मांडवातल्या तिघांची टाकीकडे पाठ होती. एकाने मान न वळवता कोणाला तरी सांगितलं, "अरे, ते आवाज करतंय कोण, बंद करा जरा." मंगेश तिच्याजवळ गेला आणि चेंडू हातात धरून उभा राहिला.

दुपारी माइकवरून निवडलेल्या मुलींची नावं वाचली. सुनंदाचं नाव नव्हतं. आमच्या शाळेतलं एकही नव्हतं. भोईर सरांनी सगळ्यांना स्टँडसमोर वडापाव दिला. सुनंदाने तिचा कविताला दिला. परतीच्या जीपमध्ये कविता रडत होती, की मी पिवळा घेतला नसता तर. तिला गप्प करायचं काम सुनंदाच करत होती. "तू काय केलंस गो? तू लहान हायेस. गप बस."  सर पुढच्या सीटवर बसून एकदाच म्हणाले, "नवीन पुस्तक आणाया पायजे होतं." 

त्या दिवशी बाबांची रात्रपाळी होती, ते जेवायला बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नियम लिहिलेला होता?"

"होता."

"मग पंच काय करील?"

मी म्हणाले, की पंच दोन मिनिटं थांबला असता तर शर्ट बदलता आला असता. बाबांनी ताटातली भाकरी मोडली. आई म्हणाली, "पोरीला जेवू द्या आधी."

मालिका पुढेही चालू राहिली. साडेपाचला गाणं लागे, आई भाकऱ्या थापत असे, मंगेश येऊन बसे. सुनंदा आली नाही. कापलेलं भात झोडायचं आहे, असं तिने सांगितलं, आणि ते खरंही होतं. मोरीवर हिरव्याचा विषय निघाला की मंगेश तो बदलत असे. चष्म्या की हिरो, हा वाद मी आणि तो घालत राहिलो. त्यात पूर्वीचा जोर नव्हता. थोड्याच दिवसांत केबलवाल्याने तो चॅनलच बंद केला.

मामा मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर येऊन गेला. मी तेव्हा त्यांच्या ओटीवर सुनंदाबरोबर भूमितीचा अभ्यास करत होते. त्याने चहा घेतला, शेतीचं विचारलं, एस.टी.चं विचारलं. जायला उठला तेव्हा चपला घालता घालता म्हणाला, "आप्पा, पोरगी हुशार हाय तशी."

"विषय काढायचा नाय असं ठरलं होतं," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"हो. ठरलं होतं," मामा म्हणाला आणि निघाला. सुनंदाने प्रमेय तिथून पुढे वाचायला सुरुवात केली.

दहावीला आम्ही तिघेही पास झालो. सुनंदाला मंगेशपेक्षा बरेच आणि माझ्यापेक्षा थोडे जास्त गुण होते. जूनमध्ये मी शहापूरला अकरावीला नाव घातलं. मंगेशने मुरबाडला घातलं. त्याच आठवड्यात सुनंदा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावायच्या कामाला लागली.